एका 'पर्यंत'ची चार दारं

निगडी, पुणे
रविवार, सकाळ

चि. छकुलीस,


तुझं पाकीट काल मिळालं. तू लिहिलेली तीन पानं आणि त्यांवर तुझ्या साहेबांनी लाल पेनने काढलेले गोल, दोन्ही दोनदा वाचलं. सतरा गोल मोजले. त्यांतले अकरा इन, ऑन, ॲट, टू, बाय असल्या चिमुकल्या शब्दांभोवती आहेत. सोबतच्या चिठ्ठीत तू विचारलंयस, "मामा, प्रीपोझिशन्सची एखादी यादी आहे का? पाठच करून टाकते."

यादी बाजारात मिळते. मीही एके काळी पाठ केली होती. घरात तर्खडकरांची भाषांतर पाठमाला होती, तिच्यावर मी इंग्रजी शिकलो आणि त्याचं ऋण मोठं आहे. पण कारखान्यात आल्यावर कळलं, की अमुक क्रियापदापुढे अमुक प्रीपोझिशन एवढं पाठ असून भागत नाही. पंपापुढे उभा असलेला माणूस तुझ्या वाक्यावर हात चालवणार असतो, आणि हात कुठे जाणार हे बऱ्याचदा त्या दोन अक्षरी शब्दावर ठरतं. म्हणून यादी पाठवत नाही. मला हे कसं उमगत गेलं ते लिहितो. पत्र लांबेल, चहा घेऊन बस.

नोकरीची दोन-तीन वर्षं झाली होती. पंपाच्या बॉडीची हायड्रोटेस्ट कशी घ्यायची, त्याचं पान मला लिहायचं होतं. टेस्टिंगच्या फोरमननी मराठीत सांगितलं, "८ बारला धरायचा, गळती बघायची, मग दाब २ बारपर्यंत कमी करायचा आणि एअर कॉक उघडायचा." मी टेबलावर येऊन लिहिलं, 'रिड्यूस द प्रेशर अप टू २ बार'. छापून गेलं. काही महिन्यांनी एका ग्राहकाकडच्या फिटरने ते वाचलं आणि त्याला वाटलं, जास्तीत जास्त २ बार कमी करायचे. त्याने ८ चे ६ केले आणि कॉक उघडला. पाण्याची धार सरळ मनगटावर बसली. चष्मा होता म्हणून डोळे वाचले. हात आठवडाभर सुजलेला होता, असं त्यांच्या पत्रात आलं. ते पत्र साहेबांनी काही न बोलता माझ्या टेबलावर ठेवलं. 'रिड्यूस टू २ बार' म्हणजे काटा २ वर आण. 'रिड्यूस बाय २ बार' म्हणजे २ ने उतरव. मी लिहिलेलं धड ना हे होतं, ना ते.

पत्र घेऊन मी फोरमनकडे गेलो. ते म्हणाले, "मी तर बरोबरच सांगितलं होतं." खरंच होतं ते. मराठीत त्यांचं वाक्य चोख होतं. चूक झाली ती माझ्या टेबलावर. मी त्यांचा 'पर्यंत' उचलला आणि त्याच्या जागी हाताला लागलेला पहिला इंग्रजी शब्द बसवून मोकळा झालो.

आपला 'पर्यंत' एकटा चौघांचं काम करतो, छकुले. 'दाब २ बारपर्यंत आण' यात तो गाठायचा आकडा सांगतो, तिथे इंग्रजीत टू. 'तापमान ८० अंशांपर्यंत चालेल' यात तो ओलांडायची नाही अशी हद्द सांगतो, तिथे अप टू. आणि वेळेचा विषय निघाला की आणखी दोन दारं उघडतात. ही दोन वाक्यं शेजारी ठेवून बघ: 'पाचपर्यंत व्हॉल्व्ह बंद ठेव' आणि 'पाचपर्यंत व्हॉल्व्ह बंद कर'. पहिल्यात पाच वाजेपर्यंतचा सगळा वेळ व्हॉल्व्ह बंद हवा. दुसऱ्यात पाचच्या आधी केव्हाही एकदा फिरवून बंद केला की काम संपलं. आपल्याकडे 'पर्यंत' तोच राहतो आणि फरक सगळा 'ठेव' आणि 'कर' सांभाळतात. इंग्रजीत मात्र पहिल्याला अनटिल लागतं, दुसऱ्याला बाय. तुझ्या तिसऱ्या पानावर 'सेंड द टेस्ट रिपोर्ट अनटिल फ्रायडे' आहे. परदेशातला माणूस ते वाचून म्हणेल, शुक्रवार उजाडेपर्यंत रोज पाठवत राहायचा की काय? अशा ठिकाणी मनातल्या मनात मराठी वाक्य म्हण आणि बघ, त्यात 'ठेव' आहे की 'कर'. मी नोकरीच्या शेवटच्या दिवसापर्यंत हेच करत होतो.

'ने'चंही असंच आहे. 'स्पॅनरने आवळ', '२ मिमीने वाढव', 'फिटरने तपासावं'. रूप एक, कामं तीन. पहिला 'ने' हत्यार दाखवतो, तिथे विथ. दुसरा फरकाचं माप दाखवतो, तिथे बाय. तिसरा करणारा माणूस दाखवतो, तिथेही बाय, पण तिथे वाक्यच उलटून 'द फिटर मस्ट चेक' असं लिहिलेलं बरं. तू लिहिलंयस 'क्लीन द फिल्टर बाय केरोसीन'. यात तुझ्या 'केरोसीनने'मधला 'ने' जसाच्या तसा बाय होऊन आला. शाळेत तृतीयेचा ने, ए, शी हा तक्ता आपण सगळेच घोकतो. त्याच धड्यात कारकंही असतात, ती मात्र घाईने उरकली जातात. विभक्ती म्हणजे शब्दाचं रूप आणि कारक म्हणजे त्याचं क्रियेतलं काम. पाणिनीने अशी सहा कामं मानली: कर्ता, कर्म, करण, संप्रदान, अपादान आणि अधिकरण. साधन कोणतं, कुणासाठी, कुठून सुटलं, कुठे टेकलं. इंग्रजी प्रीपोझिशन निवडताना मला शाळेतल्या इंग्रजी व्याकरणापेक्षा हेच जास्त कामी आलं. प्रत्यय बघून शब्द निवडला की फसतो. काम बघून निवडला की बहुधा बरोबर येतो.

आता याची दुसरी बाजू, कारण 'मराठीत विचार करतेस म्हणून चुकतेस' असं तुला कुणी सांगितलं असेल तर ते मला पटत नाही. काही ठिकाणी आपली भाषा इंग्रजीहून नेमकी आहे. तुझं वाक्य आहे, 'रिस्टार्ट द मोटर इन १० मिनिट्स'. यावर लाल गोल नाही, म्हणजे साहेबांच्या नजरेतूनही ते सुटलं. मला विचारशील तर सतरा गोलांपेक्षा हे एक वाक्य जास्त काळजीचं आहे. दहा मिनिटांच्या आत चालू करायची, की दहा मिनिटं थांबून? इंग्रजीतल्या त्या इनचे दोन्ही अर्थ निघतात. मराठीत हा गोंधळ होऊच शकत नाही. 'दहा मिनिटांत' वेगळं आणि 'दहा मिनिटांनी' वेगळं, पाच वर्षांचं पोरही यात चुकत नाही. गरम झालेल्या मोटरला थंड व्हायला वेळ द्यायचा असेल तर तुला 'मिनिटांनी' म्हणायचं आहे. मग सरळ 'वेट १० मिनिट्स. देन स्टार्ट द मोटर' असं लिही. एकाची दोन वाक्यं झाली तरी हरकत नाही. 'मिनिटांत' म्हणायचं असेल तर विदिन. टेक्निकल लिखाणात काळासाठी एकटा इन मी जवळजवळ वापरतच नाही. ऑइल बदलण्याच्या ओळीतही इन टाळ, 'आफ्टर एव्हरी ५०० अवर्स' लिही.

'वर'बद्दल फार लिहीत नाही. टेकलेलं असेल तर ऑन, मध्ये जागा असेल तर अबव्ह, झाकत असेल किंवा ओलांडून जात असेल तर ओव्हर. मराठीत तिन्ही 'वर'.

इलेक्ट्रिकलच्या पानावर मात्र जरा थांबायला हवं. तू 'व्होल्टेज इन द कॉइल' आणि 'करंट ॲक्रॉस द कॉइल' असं लिहिलंयस. ही नुसती भाषेची चूक असती तर मी पेन्सिलने दुरुस्त करून पुढे गेलो असतो. व्होल्टेज हा दोन टोकांमधला फरक आहे, म्हणून तो ॲक्रॉस. करंट आतून वाहतो, म्हणून तो थ्रू. ज्याला हे दोन शब्द नीट कळले त्याला मीटर कसा जोडायचा हे वेगळं सांगावं लागत नाही. व्होल्टमीटर आडवा, दोन टोकांवर. अँमीटर वाटेत, सिरीजमध्ये, म्हणजे सगळा करंट त्याच्यातून जातो. अँमीटरचा स्वतःचा रेझिस्टन्स अगदी नगण्य ठेवलेला असतो. तो सप्लायच्या दोन टोकांवर लावला की तो मीटर राहत नाही, शॉर्ट होतो. आम्ही शिकत असताना प्रॅक्टिकलच्या सायक्लोस्टाइल केलेल्या कागदावर 'कनेक्ट द मीटर्स ॲक्रॉस द लोड' असं आलं होतं. मीटर्स, अनेकवचनी, दोन्ही एकदम. आमच्या बाकावरच्या मित्राने ते शब्दशः पाळलं. निळा भडका उडाला, फ्यूज गेला आणि जळक्या बेकेलाइटचा वास दुपारभर खोलीत होता. आम्ही सगळे त्याला हसलो. पुढे मॅन्युअल्स लिहायला लागल्यावर माझ्या ध्यानात आलं, की तो चुकलाच नव्हता. त्याने कागद वाचला होता.

बॅटरी रूमची पाटीही तुला लिहायची आहे ना? तिथे 'मिक्स ॲसिड विथ वॉटर' असं कधीही लिहू नकोस. त्यात काय कशात ओतायचं हे येतच नाही. सल्फ्युरिक ॲसिड नेहमी पाण्यात ओततात, हळूहळू, ढवळत. पाणी ॲसिडमध्ये ओतलं तर इतकी उष्णता निघते की ते उकळून अंगावर उडतं. 'ॲड द ॲसिड स्लोली टू द वॉटर'. यातल्या टूच्या अलीकडे काय आणि पलीकडे काय, यावर एखाद्याचा चेहरा अवलंबून असतो. 'मिक्स ॲसिड अँड वॉटर' हेही त्याच कारणाने नको.

आता जे सांगतो ते तुला मुद्दाम सांगायचं होतं. २७ मार्च १९७७. अटलांटिकमधल्या स्पेनच्या कॅनरी बेटांपैकी तेनेरिफे. शेजारच्या ग्रान कनारियाच्या विमानतळावर बॉम्ब फुटला होता, म्हणून तिकडची विमानं लॉस रोदेओस या लहान विमानतळावर वळवली होती. धुकं इतकं, की टॉवरला धावपट्टी दिसत नव्हती. केएलएम या डच कंपनीचं बोइंग ७४७ धावपट्टीच्या टोकाशी उड्डाणाच्या तयारीत होतं आणि पॅन ॲमचं दुसरं ७४७ अजून त्याच धावपट्टीवरून चालत होतं. केएलएमला उड्डाणानंतरच्या मार्गाची परवानगी मिळाली होती, उड्डाणाची मिळाली नव्हती. सहवैमानिकाने मार्गाच्या सूचना रीतीप्रमाणे परत वाचून दाखवल्या आणि शेवटी तो म्हणाला, 'वी आर नाऊ ॲट टेक-ऑफ'. तेव्हा त्यांच्या विमानाने धावायला सुरुवात केली होती. टॉवरने अर्थ घेतला, की हे उड्डाणाच्या जागी उभे आहेत. टॉवर 'ओके' म्हणाला आणि क्षणभराने थांबायला सांगितलं. पण त्याच वेळी पॅन ॲमचा वैमानिकही आपण अजून धावपट्टीवर आहोत हे सांगत होता. एकाच लहरीवर दोन आवाज एकत्र आले आणि केएलएमच्या कॉकपिटमध्ये त्याची कर्कश शिट्टी झाली. दोन्ही विमानं धावपट्टीवर एकमेकांवर आदळली. ५८३ माणसं गेली.

अपघाताला कारणं अनेक होती. धुकं होतं, घाई होती, आदळलेल्या लहरी होत्या आणि अर्धवट 'ओके' होता. सगळं खापर एका प्रीपोझिशनवर फोडणं चूक ठरेल. पण ते ॲट माझ्या मनातून कधी गेलं नाही. त्या वाक्याचा अभ्यास करणाऱ्यांनी दाखवलं आहे, की डच भाषेत चालू असलेली क्रिया सांगताना क्रियापदाच्या आधी 'आन हेत' असे शब्द येतात. आपलं 'आम्ही निघतो आहोत' यातलं 'तो आहोत' जे काम करतं, तेच. घाईच्या क्षणी त्या माणसाच्या इंग्रजीखालून त्याची मातृभाषा वर आली असावी. त्याला 'उडत आहोत' म्हणायचं होतं. ऐकणाऱ्या स्पॅनिश कानाने जागा ऐकली. म्हणून तुझ्या 'बाय केरोसीन'ला मी हसत नाही. इंग्रजी ही दोघांचीही मातृभाषा नसते तेव्हा हे असं होतंच, आणि आपली मॅन्युअल्स बहुतेक अशाच दोघांमध्ये फिरतात. तू भोसरीत बसून लिहितेस आणि वाचणारा व्हिएतनाममध्ये किंवा ब्राझीलमध्ये असतो. त्या अपघातानंतर रेडिओवरची भाषा बदलली. 'टेक-ऑफ' हा शब्द आता प्रत्यक्ष उड्डाणाची परवानगी देताना किंवा ती रद्द करतानाच उच्चारतात. बाकी सगळीकडे 'डिपार्चर' म्हणतात.

दुसरा अपघात कमी लोकांना माहीत आहे. १९ फेब्रुवारी १९८९, फ्लाइंग टायगर कंपनीचं मालवाहू ७४७ सिंगापूरहून क्वालालंपूरला उतरत होतं. टॉवरने सांगितलं, 'डिसेंड टू फोर झीरो झीरो'. म्हणायचं होतं २४०० फूट. कॉकपिटमध्ये ऐकलं गेलं, ४०० फुटांवर या. आकड्यातला पहिला दोन हा त्यांना प्रीपोझिशन वाटला. त्यांनी उत्तरात 'ओके, फोर झीरो झीरो' म्हटलंही, पण ती चूक कुणी पकडली नाही. विमान डोंगरावर आदळलं, चौघं होते, चौघंही गेले. वरच्या ओळीत मी 'टू' लिहिलंय बघ. देवनागरीत दोन्ही शब्द एकाच अक्षराने लिहावे लागतात. ते वाचताना तुझा जो घोटाळा होईल तोच त्यांचा कानाने झाला. 'टू थाउजंड फोर हंड्रेड फीट' असं म्हटलं असतं तर घोटाळ्याला जागाच उरली नसती.

विमानांच्या दुरुस्तीच्या पुस्तकांसाठी यावर एक शिस्त आखलेली आहे. युरोपातल्या विमान उद्योगाने १९८६ साली सोप्या इंग्रजीचे नियम पहिल्यांदा छापले. आज त्यांना सिम्प्लिफाइड टेक्निकल इंग्लिश म्हणतात आणि दस्तऐवजाचं नाव एएसडी-एसटीई१००. ते तू जरूर मिळवून वाच. कृतीच्या वाक्यात जास्तीत जास्त २० शब्द, वर्णनाच्या वाक्यात २५. आणि मला सगळ्यांत आवडलेली गोष्ट, एका शब्दाला शक्यतो एकच अर्थ. 'फॉलो' म्हणजे मागोमाग येणे एवढंच. सूचना पाळायची असेल तर 'ओबे'. 'अबाउट' म्हणजे 'च्याविषयी'. 'सुमारे' म्हणायचं तर 'अप्रॉक्झिमेटली'. सुरुवातीला हे जाचक वाटतं, इंग्रजीचे पंख छाटल्यासारखं. पण रात्रपाळीला हँगरमध्ये टॉर्चच्या उजेडात वाचणाऱ्या माणसाचा विचार कर, मग ती माया वाटेल.

त्याच नियमांत नामांची माळ तीन शब्दांवर थांबवायला सांगितली आहे. तुझं 'पंप डिस्चार्ज प्रेशर गेज आयसोलेशन व्हॉल्व्ह' सहा शब्दांचं आहे. यात प्रीपोझिशन चुकलं नाही, ते गिळलं गेलंय. 'द आयसोलेशन व्हॉल्व्ह फॉर द प्रेशर गेज, ऑन द डिस्चार्ज साइड ऑफ द पंप' असं सुटं केलं की व्हॉल्व्ह कुठे शोधायचा हे वाचणाऱ्याला कळतं. तसंच 'द' गाळू नकोस. मराठीत आर्टिकल नाही म्हणून आपल्या हातून ते सहज सुटतं. पण 'चेक व्हॉल्व्ह बिफोर स्टार्टिंग' हे वाचून मी स्वतः अडखळलो. चेक व्हॉल्व्ह नावाचा भागच असतो, आपल्या शॉपमध्ये ज्याला नॉन-रिटर्न म्हणतात तो. तू व्हॉल्व्ह तपासायला सांगते आहेस की त्या भागाचं नाव घेते आहेस? 'एक्झॅमिन द व्हॉल्व्ह' लिही. आणि 'बिटवीन ५ टू १० मिमी' नको. बिटवीन लिहिलंस तर अँड, फ्रॉम लिहिलंस तर टू.

तुझी पानं सोबत परत पाठवतो आहे. पेन्सिलीच्या खुणा माझ्या आहेत. दुसऱ्या पानावर 'द सेन्सर इज ऑन द कन्व्हेयर बेल्ट' या ओळीवर साहेबांनी गोल करून ऑनच्या जागी अबव्ह लिहिलंय. मी त्याला हात लावलेला नाही. काही सेन्सर पट्ट्याला टेकून चालतात, काही वर ब्रॅकेटवर बसवलेले असतात, आणि तुमचा कोणता आहे हे मला इथून दिसत नाही. चिठ्ठीवरून वाटतं, तूही तो ड्रॉइंगमध्येच पाहिलायस. उद्या जेवणाच्या सुट्टीआधी शॉपमध्ये उतर, मशीन बंद असताना ऑपरेटरला विचारून सेन्सर आणि पट्टा यांच्यामध्ये फीलर गेज सरकवून बघ. किती मिमी जागा निघाली ते मला फोनवर सांग, मग ती ओळ आपण दोघं मिळून लिहू.

तुझ्या आईला नमस्कार सांग.

तुझा,
मामा